उत्तमरावांच्या लाल गाडीची गार हवा

गॅस कोणताही असो, तो माझं ऐकतो! ही बढाई नव्हे. वारंगा फाट्यावर माझं 'संतराम कूलिंग' नावाचं दुकान आहे, आणि त्या फाट्यावर जे जे म्हणून गार आहे ते ते माझ्या हाताखालून गेलेलं आहे. रसवंतीवाल्याची बर्फाची पेटी, मेडिकलवाल्याचा फ्रीज, डेअरीचा चिलर आणि झालंच तर एका साहेबांच्या जीपचा एसी. त्या एसीतून मी अशी हवा काढली होती की साहेब मे महिन्यात मफलर बांधून हिंडायचे! खोटं वाटत असेल तर विचारा त्यांना. बदली झाली आहे त्यांची, पण विचारा.

म्हणून हट्टा गावचे उत्तमराव एक गाडी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून माझ्या दारात आले, तेव्हा मी जागचा हललोसुद्धा नाही.

"काय हाय मालक हे?"

"स्पोर्ट कार!"

गाडी लाल होती. दार दोनच. जमिनीला इतकी चिकटलेली, की आत बसायचं तर आधी साष्टांग नमस्कार घालावा लागे आणि बाहेर यायचं तर कुणीतरी हात द्यावा लागे. हळदीला एका साली सोन्यासारखा भाव आला तेव्हा उत्तमरावांनी ही हैदराबादच्या एका शेठकडून उचलली होती. शेठला ती जुनी झाली होती, हट्ट्याला ती नवीन होती! उत्तमरावांची लेक प्रतिक्षा गाडी चालवायला शिकली ती हिच्यावरच. आता त्याच प्रतिक्षाचं लग्न होतं, आणि तिनं जाहीर केलं होतं, "बाबा, वरातीची गाडी मी चालवणार. नवरदेव बाजूला बसंल."

"मग अडलं कुठं?" मी विचारलं.

"विहीणबाईपाशी अडलं!" उत्तमराव कपाळाचा घाम पुसत म्हणाले. "पुसेगावच्या मंजुळाबाई. त्यांचा थोरला वरातीत घोड्यावरनं चक्कर येऊन पडला. हा धाकटा व्यंकटेश तर त्याच्याहून नाजूक. बाई म्हणाली, माझं लेकरू उन्हात न्हाई भाजायचं. वरात एसी गाडीत, न्हाईतर वरातच न्हाई. मी बी साऱ्या पाहुण्यांदेखत बोलून गेलो, की अशी गार वरात काढतो, की नवरदेव शाल मागंल!"

"अन् एसी?"

"फुंकर मारून राहिला. ती बी ऊन."

मी बॉनेट उघडलं. नळ्या पाहिल्या. गॅस वाहून नेणाऱ्या त्या रबरी नळ्यांना अशा भेगा पडल्या होत्या, जशा आमच्या हिच्या टाचांना माघात पडतात. मी कात्री घेतली आणि कचाकच सगळ्या कापून काढल्या!

प्रतिक्षा शेजारीच उभी होती. "काका, आधी माप घेतलं का?"

"पोरी, माप डोळ्यात असतंय!"

डोळ्यातलं माप घेऊन मी वसमतला अमरसिंगकडे गेलो. अमरसिंग ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनवतो. आत्मविश्वासात तो माझा सख्खा भाऊ शोभेल. त्यानं नळी मोजली नाही, मी मोजायला सांगितली नाही. दोघांनी एकमेकांकडे बघून मान डोलावली आणि काम फत्ते झालं. फक्त गाडीला लावताना एक नळी वीतभर कमी पडली.

"रबर हाय, ताणा!" अमरसिंग फोनवर म्हणाला.

ताणून पाहिली. नाही ताणली गेली.

पण मी कुठला हरतोय? नळी कडेकडेनं नेण्याऐवजी सरळ गाडीच्या आतून नेली, डॅशबोर्डच्या खालून, नवरदेवाच्या पायांवरून. तिथं कूलिंगच्या पेटीला जोड दिला, आणि जोडावर अमरसिंगनं स्वतः येऊन पाण्याच्या टँकरचा क्लॅम्प आवळला.

"काका, हे बराबर राहील ना?" प्रतिक्षानं विचारलं.

"टँकर फुटंल, पण क्लॅम्प सुटणार न्हाई!" अमरसिंग म्हणाला. टँकरचं म्हणाल तर, तो अजून शाबूत आहे.

मग गळती शोधायचा रंग. हा गॅसच्या तेलात मिसळायचा, म्हणजे नळी कुठं पाझरत असली तर तिथं पिवळा डाग दिसतो. चार थेंब पुरतात म्हणे. पण लग्नघरचं काम! चिक्कूपणा कशाला करायचा? मी अख्खी बाटली ओतली. गॅस भरला, बटण दाबलं आणि अशी हवा सुटली, अशी हवा सुटली, की उत्तमरावांना सटासट शिंका आल्या.

"संतराम," ते नाक पुसत म्हणाले, "तू माझी इज्जत राखली रे!"

लग्न दुपारी लागलं. ऊन उतरताना वरात निघाली. पुढं डीजे, मधे लाल गाडी, स्टिअरिंगवर शालू नेसलेली प्रतिक्षा, बाजूला फेट्यातला व्यंकटेश, आणि गाडीला लागून, आमदाराच्या बॉडीगार्डसारखा, मी! काचेतून व्यंकटेश माझ्याकडे बघून गोड हसत होता. मंजुळाबाईंनी दोनदा काचेला हात लावून पाहिला आणि दोनदा मान डोलावली.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात राहिली नव्हती. ही गाडी वाऱ्यासारखी पळण्यासाठी जन्माला आली होती, आणि आम्ही तिला नाचणाऱ्या मेव्हण्यांच्या मागं मुंगीसारखी चालवत होतो! पुढून वारा नाही, रस्ता तव्यासारखा, इंजीन तापलेलं. आतल्या गॅसचा दाब चढत गेला, चढत गेला, आणि मारुतीच्या पारापाशी...

फट्ट! क्लॅम्प सुटला!

सगळी गाडी आतून पांढरी झाली. धुकंच धुकं! "आग! आग!" कुणीतरी ओरडलं. एका उत्साही मामानं पाण्याचा जार उचलला आणि तो माझ्याच अंगावर रिकामा केला. मी दोन्ही दारं खाडकन उघडली. धुकं बाहेर आलं. त्यामागून खोकत प्रतिक्षा आली. आणि मग मी दिलेला हात धरून नवरदेव आला.

पिवळाधमक! फेट्यापासून मोजडीपर्यंत!

डीजेवाल्यानं गाणं थांबवलं. मंजुळाबाई पुढं आल्या. त्यांनी मुलाच्या गालावर बोट फिरवलं, बोट डोळ्यांपाशी नेलं आणि त्या व्याह्यांकडे वळल्या.

"इवाई, ही हळद कसली? लग्न लागल्यावर कोणी हळद लावतंय व्हय?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात उत्तमरावांचा पंजा माझ्या दंडावर बसला. हळद शिजवायला त्यांच्या शेतात मोठा कुकर आहे. त्यात आणखी काय काय शिजू शकतं, ते त्यांच्या नजरेत मला स्पष्ट दिसलं.

"आमच्या हट्ट्याची रीत हाय, विहीणबाई!" ते खणखणीत आवाजात म्हणाले. "जावयाला घरच्या हळदीचा मान! धुक्यासगट!"

"धुक्यासगट?"

"मग! खर्चाला मागं पाहिलं न्हाई आमी!"

पुसेगावकर खूश! बायकांनी नवरदेवाच्या अंगावरचा रंग पुसून एकमेकींच्या गालांना फासला. डीजे पुन्हा सुरू झाला. माझा श्वासही पुन्हा सुरू झाला. म्हटलं, सुटलो!

तेवढ्यात अंधारून आलं, आणि डीजेवाल्यानं निळे लाइट लावले.

हा रंग निळ्या लाइटखाली पेटल्यासारखा चमकतो, हे बाटलीवर लिहिलेलं असतं म्हणे. बाटलीवरचं कोण वाचतो? व्यंकटेश असा उजळला, जसा ट्रकच्या मागचा रेडियम! त्याचे कान तर स्वतंत्र दिसत होते. बायकांच्या गालांवर पाच-पाच बोटं लखलखत होती. मंजुळाबाईंनी आपला हात वर धरला आणि हिरव्या-पिवळ्या उजेडात स्वतःच्याच बांगड्या मोजल्या.

"इवाई! तुमची हळद चमकून राहिली!"

"सेंद्रिय हाय!" उत्तमराव म्हणाले. थांबायचं कुठं हे त्या माणसाला आता समजत नव्हतं.

"माय माय! अशी ताकदीची हळद अंगाला काहून वाया घालवता? पोटात गेली पाहिजे! कोणी दूध आणा गं! लेकराला हळद-दूध पाजते!"

दूध आलं. पेला भरून आलं. मंजुळाबाईंनी मुलाच्या गालावरचा रंग बोटानं निपटला आणि पेल्यात ढवळायला लागल्या. मी उत्तमरावांकडे पाहिलं. त्यांचा पंजा माझ्या दंडावर होताच. व्यंकटेश आज्ञाधारक मुलासारखा तोंड उघडून उभा. पेला ओठांपाशी गेला.

माझं दुकान, माझं नाव, फाट्यावरचा माझा दरारा, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोरून गेलं. आणि मी दंड सोडवून ओरडलो,

"मावशी, पाजू नका! ती हळद न्हाई! एसीतलं त्याल हाय!"

नेमकं त्याच क्षणी डीजेवाल्यानं गाणं बदलायला आवाज बंद केला होता. माझं वाक्य थेट वेशीपर्यंत गेलं.

उत्तमराव मटकन बॉनेटवर बसले, आणि बॉनेट तापलेलं असल्यानं तितक्याच तातडीनं उठले.

"म्हणजे," मंजुळाबाई सावकाश म्हणाल्या, "एसी दुरुस्त झालाच न्हाई?"

"झाला होता, मावशी. पारापर्यंत झाला होता."

त्यांनी पेला जमिनीवर ओतला. आता ही बाई नवरदेव घेऊन पुसेगावला निघते, असंच मला वाटलं. उत्तमरावांनी हात जोडले. पण मधेच व्यंकटेश बोलला.

"आई, खरं सांगू? असं गार मला जन्मात लागलं न्हाई. माझं ढोपर आजून बधिर हाय."

प्रतिक्षानं त्याच्याकडे पाहिलं. चमकणारे कान, बधिर ढोपर, गळ्यात हार. ती हसायला लागली. शालूचा पदर तोंडात कोंबून हसली, मग पदर सोडून हसली. तिचं बघून व्यंकटेश हसला, मेव्हणे हसले, आणि शेवटी मंजुळाबाईंच्या लखलखत्या हातानं त्यांचंच तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते.

"खरं बोलला म्हणून सोडते तुला," त्या डोळे पुसत मला म्हणाल्या. "न्हाईतर मी पोराला त्याल पाजलं असतं. पण उद्या पाठवणी हाय. पोरगा पुसेगावपर्यंत गारच गेला पाहिजे. कसा, ते तुझं तू बघ."

"बिनघोर राहा मावशी!" मी छाती पुढं काढली. "गार हवेची जबाबदारी संतरामची!"

शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन निघता निघता बारा वाजले. लाल गाडी पुसून उभी होती. पुढं प्रतिक्षा आणि व्यंकटेश, दोघं अजून जरा पिवळसर. सीटांच्या मागं एक अरुंद फळी होती, सामान ठेवायची. त्या फळीवर, गुडघे कानांना लावून, हातपंखा घेऊन, मी! आमची ही, शिला, लग्नाला आलीच होती. तिनं काचेतून आत डोकावून माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघरात जाऊन धान्य पाखडायचं मोठं सूप आणलं आणि माझ्या हातात दिलं.

"हातपंख्यानं एवढं भागणार न्हाई," ती म्हणाली.

गाडी निघाली. मी सूप हलवायला लागलो. औंढा ओलांडल्यावर व्यंकटेशरावांनी मान मागं टाकली, डोळे मिटले आणि अत्यंत आदरानं म्हणाले,

"काका, जरा दोन नंबरवर करता का?"

केलं!

आणि एक गोष्ट छातीठोकपणे सांगतो, पुसेगाव येईपर्यंत कुठंही गळती झाली नाही. माझा घाम सोडून.