मास्तरांच्या चालत्या काड्या

माने मास्तरांच्या घरी खुर्चीवर बसण्याआधी परवानगी घ्यावी लागे. मास्तरांची नव्हे, खुर्चीवर आधीच बसलेल्या काडीची.

"जरा थांबा, नलू उठू दे," मास्तर म्हणत. मग खुर्चीच्या पाठीला टेकलेली वीतभर वाळकी काडी सावकाश पाय काढी आणि मास्तरांच्या बाहीवर चढे.

हे काडीकिडे मास्तरांनी आंबेनळी घाटातून आणून पाळले होते. पेरूचा पाला खायचे, पडद्याला लटकायचे. आमच्या मेहुण्याने एकदा पाठ खाजवायला उचललेली काडी हातातच चालायला लागली. तेव्हापासून तो पोलादपूरला आला की आमच्याकडेही खुर्ची झटकून बसतो. मास्तर उलट त्याच्यावरच उखडले. "तिचा पाय मोडला असता म्हणजे?"

मास्तर चित्रकला शिकवून रिटायर झालेले. "देवानं पट्टी न घेता मारलेली रेघ आहे ही," म्हणायचे. बायको गेल्यावर कुणी कुत्रं पाळायला सुचवलं, तर म्हणाले, "कुत्रं मधे मधे बोलतं हो. ही ऐकून घेते." काय ऐकून घेते, हे विचारायची आम्हाला कधी सवड झाली नाही.

आमच्याकडे नवा फोन आला, त्या वर्षीची गोष्ट. आमची तेरड्याची गौर. माझ्या बायकोने तेरडा मास्तरांच्या परसातून उपटून आणला, गौर बसवली, साडी नेसवली. संध्याकाळी मास्तर आले. एरवी चहालाही न येणारे, कोपऱ्यात बसले ते जेवूनच उठले. दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर. पोरींच्या फुगड्या पाहिल्या, घावन खाल्ले, आरतीत भलत्याच ठेक्यात टाळ्या वाजवल्या. नजर सारखी गौरीवर. मास्तर म्हातारपणी देवभोळे झाले, असं आम्ही हसत ठरवूनही टाकलं.

तिसऱ्या दिवशी सावित्री नदीवर विसर्जनाला निघताना ते पुढे झाले. "वहिनी, एक मिनिट."

गौरीच्या पदराआडचं एक देठ हळूच चालत त्यांच्या बोटावर आलं. नलू!

बायको हादरली. "अगो बाई! नदीत गेली असती की हो! कधी दिसली तुम्हाला?"

"पहिल्याच संध्याकाळी."

"मग तेव्हाच का नाय नेलीत?"

मास्तर नलूकडेच बघत राहिले. "नेली असती, तर दुसऱ्या दिवशी कुठल्या निमित्तानं आलो असतो?"

मला फार लाज वाटली. आमच्या दोन घरांमध्ये गुडघाभर मेंदीचं कुंपण होतं, तेवढंच.