पडद्यासकट वन्सं

रंगमंचाच्या पडद्याची कड उसवली तेव्हा पाहुणे दारात येऊन ठेपले होते, आणि शिवणवर्गातल्या सगळ्या बायकांनी एकदम वन्संकडे पाहिलं.

वन्सं हे काही तिचं नाव नव्हे. नवऱ्याने घराबाहेर काढल्यावर ती भावाकडे राहायला आली. वहिनी तिला या मोफत वर्गात घालायला घेऊन आली तेव्हा सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्या वन्संना काहीतरी शिकवा हो, दिवसभर नुसत्या भिंतीकडे बघत बसतात." तेव्हापासून वर्गातल्या झाडून साऱ्या बायका तिला वन्संच म्हणू लागल्या. एका फटक्यात वर्गभर भावजया मिळाल्या. तिला त्याचीही लाज वाटली. पण त्या दिवसांत तिला कशाचीही लाज वाटायची. दाराची बेल वाजवायची, दुसऱ्यांदा भाजी वाढून घ्यायची, इतकंच काय, शिंक आली तरी ती आधी इकडेतिकडे बघून घ्यायची.

आज मात्र लाजून भागणार नव्हतं. प्रमाणपत्रं वाटायचा समारंभ होता, आणि त्याला येणारे कपड्यांच्या कारखान्याचे मॅनेजर वर्गातल्या काही जणींना कामासाठी निवडणार होते. भाऊ आणि वहिनी पहिल्या रांगेत येऊन बसले होते.

"वन्सं, तुमचा हात पक्का आहे," शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या. "पटकन हातशिलाई मारा. नायलॉनचा दोरा घ्या. जन्मात उसवता कामा नये!"

पडद्याआड अंधुक उजेड होता. वन्सं स्टुलावर बसली, जाड कापड मांडीवर ओढलं आणि बारीक, घट्ट टाके घालत सुटली. शेवटची गाठ मारून सुई कॉलरला खोचली आणि उठली. पडदाही तिच्याबरोबर उठला.

तिने खाली पाहिलं. कडेबरोबर तिच्या ड्रेसचा घेरही व्यवस्थित, एका ओळीत शिवला गेला होता. टाके सुरेख पडले होते, हे तेवढ्यातही तिच्या लक्षात आलं.

दोरा दातांनी तोडायला गेली, तर दातच ठणकले. कात्र्या बाईंनी कपाटात कुलूपबंद केलेल्या. त्यांतली एक तेवढी रिबीन कापण्यासाठी तबकात सजवून पडद्यापुढे पाहुण्यांच्या टेबलावर ठेवलेली. हाक मारावी तर बाई म्हणणार, इतकं शिकवलं ते स्वतःलाच शिवायला का?

पलीकडच्या टोकाला दोरी धरून वर्गातली चष्मेवाली उभी होती. "ओढू का हो वन्सं?"

"नको!" वन्सं जीव तोडून कुजबुजली.

"हो?" म्हणत चष्मेवालीने दोरी ओढली.

पडदा निघाला आणि वन्संही निघाली. छोटी छोटी पावलं टाकत, आडवी आडवी, ती अख्ख्या रंगमंचावरून या टोकाकडून त्या टोकाला गेली. लोकांना वाटलं, ही स्वागताची काहीतरी नवी तऱ्हा असावी. टाळ्या पडल्या. वन्संने घाबरून नमस्कार केला, तर आणखी पडल्या.

भाषणं होईस्तोवर ती पडद्याला खेटून ताठ उभी राहिली. मग बायकांनी शिवलेले कपडे मांडायचे म्हणून पडदा बंद झाला. वन्सं परत गेली. उघडला, वन्सं पुन्हा आली. या खेपेला वहिनीने तोंडावर हात घेतला आणि भाऊ छताचा पंखा न्याहाळू लागला. वन्संचे कान तापून लाल झाले होते. नवऱ्याने सामान जिन्यात फेकलं तेव्हा निदान शेजारपाजारचेच बघत होते, असं तिच्या मनात आलं.

एवढ्यात वर्ग चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षबाईंनी प्रमाणपत्रासाठी तिला पुकारलं.

वन्सं पाऊलभर पुढे झाली. वर कड्या करकरल्या. ती थांबली.

"अहो, लाजता काय अशा? या!" अध्यक्षबाई माईकमध्ये हसून म्हणाल्या, आणि कौतुकाने तिचा हात धरून त्यांनी जोरात ओढला.

शिलाई जागची हलली नाही. पडद्याची दांडी मात्र सुटली. एक टोक धाडकन जमिनीवर आदळलं आणि सगळा पडदा अध्यक्षबाई, मॅनेजर, टेबल आणि तबक यांच्यावर येऊन पडला.

"कात्री!" पडद्याखालून मॅनेजर ओरडले. "कुणीतरी कात्री द्या!"

"ती आपल्याकडेच आहे," अध्यक्षबाईंचा आवाज आला.

पडदा बाजूला झाल्यावर काय घडलंय ते सगळ्यांना दिसलं. अध्यक्षबाई केस विस्कटलेल्या अवस्थेत कात्री घेऊन वन्संवर चालून आल्या. "हलू नका. ड्रेसच कापते!"

"कापू नका!" वन्सं ओरडली. माईक जवळच होता. "हा एकच धड ड्रेस आहे माझा!"

हे वाक्य तिने वहिनीलाही कधी ऐकू दिलं नव्हतं. आता ते शेवटच्या रांगेपर्यंत गेलं होतं. यापुढे लाजायला काही उरलंच नाही म्हणून म्हणा, वन्सं तिथेच खाली बसली. कॉलरची सुई काढली, अध्यक्षबाईंच्या हातून कात्री मागून घेतली आणि एकेक टाका अलगद उचलून कापायला लागली. मॅनेजर शेजारी उकिडवे बसून बघत होते. काम संपल्यावर त्यांनी घेराचं कापड उजेडात धरलं.

"खूणसुद्धा नाही," ते म्हणाले. "आमच्याकडे शिवणाऱ्या पुष्कळ आहेत. पण चुकलेला माल उसवायला बसवलं की बायका आठवड्यात पळतात. तुम्ही याल?"

"मला शिवताही येतं हो," वन्सं पडेल आवाजात म्हणाली.

"ते पाहिलं मघाशी."

घरी जाताना भावाने विचारलं, "कसली म्हणे नोकरी?"

"उसवायची."

भाऊ रस्त्यात थांबून पोट धरून हसला. वन्सं मान खाली घालून चालत राहिली. वहिनी हसली नाही.

घरी पोचल्यावर वहिनी तिच्यामागोमाग खोलीत आली. हातात निळा रेशमी ड्रेस होता. तिने दार लोटलं, कडी लावली.

"वन्सं, हा जरा धुवून आटलाय. शिवण सोडवून सैल करता येईल?"

वन्संने कापड चिमटीत धरून पाहिलं. ते पाण्यात कधी गेलंच नव्हतं. टेप घेऊन तिने वहिनीच्या कमरेभोवती गुंडाळला.

"श्वास सोडा, वहिनी."

"सोडलाय की."

"पूर्ण सोडा."

वहिनीने कडी नीट लागली आहे ना ते वळून पाहिलं. "तुमच्या दादाला सांगायचं नाही हं," ती पुटपुटली आणि लाल होत तिने श्वास सोडला.