भिवरठाणचा वाकलेला खांब

सुभान तांबोळ्याच्या पिठाच्या गिरणीसमोरचा विजेचा खांब एका सकाळी गिरणीच्या पत्र्यावर डोकं टेकून उभा असलेला दिसला. रात्रीतून कुणी पाडला म्हणावं, तर तसं काही नव्हतं. धुरपदाची म्हैस रोज नदीवरून येताना त्या खांबाला अंग घासायची. म्हैस आणि कंपनीचा खांब यांत म्हैस टणक निघाली, एवढंच. निरोप गेला तसा एक वायरमन सायकलवरून आला. त्याने डीपीवरून गिरणीची लाइन तोडली, "कुणी हात लावू नका, जीव जाईल," असं बजावलं आणि तो निघून गेला. तो गेला तो गेलाच.

गिरणी बंद पडली. दुष्काळ सरून जेमतेम वर्ष झालं होतं. दुष्काळात गिरणीला वीज होती, पण दळायला दाणा नव्हता. लोक रेशनवरची परदेशी मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होते. आता घरोघर कणग्या ज्वारीनं भरल्या होत्या तर वीज नव्हती. कोपऱ्यात पडलेली जुनी जाती पुसून पुढं आली. बायकांचे खांदे भरून आले आणि नवऱ्यांना ताटात भाकरी कमी आणि बोलणी जास्त मिळू लागली.

सुभानचं दुखणं मात्र खांद्याचं नव्हतं. शेजारच्या वाडीत नवी डिझेलवरची गिरणी निघाली होती. पायांत बळ असलेल्या बायका डोक्यावर पाटी घेऊन तिकडं जायला लागल्या होत्या. "एकदा का लोकांचा पाय तिकडं वळला, की आपल्या दारात कुत्रं बी यायचं न्हाई," असं तो बायकोला, गुलशनला, रोज सांगायचा. गुलशनचा भाऊ दौंड स्टेशनात हमाल होता. त्याचा निरोप येऊन पडला होता, की भावजी, या इकडं, पोती उचलायला माणूस लागतोच. वीस वर्षं लोकांच्या ताटात भाकरी पोचवणाऱ्या माणसाला पोती उचलायचं स्वप्न पडायला लागलं, की त्याची झोप उडते. सुभानची उडाली होती.

आता हा खांब कुणाचा, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. शिरूर बाजूला घोडकाठ वीज कंपनी आणि दौंड बाजूला भीमाकाठ वीज कंपनी, अशा सरकारच्याच दोन कंपन्या होत्या. भिवरठाण शिरूर तालुक्यातलं, पण नदीच्या वळणात अडकलेलं. तार पलीकडच्या काठावरून आणणं सोपं. म्हणून खांब घोडकाठनं रोवले आणि तार भीमाकाठनं ओढली. उद्घाटनं दोन झाली आणि गावानं पेढे दोनदा खाल्ले. खांबाची तक्रार शिरूरला आणि तारेची दौंडला, हे पोरंटोरंही जाणत होती. मग याच साली सरकारनं दोन्ही कंपन्या एक केल्या. कंपनी एक झाली आणि तक्रार कुठं करायची हे कंपनीलाही कळेनासं झालं.

सुभान शिरूरला गेला. तिथले साहेब म्हणाले, "खांब आमचा होता हे खरं. पण आता आमचे आम्ही राहिलो नाही. दौंडला जा."

तो दौंडला गेला. तिथले साहेब म्हणाले, "तार शाबूत आहे ना? मग आमचं काय चुकलं? आणि मुख्य कचेरी आता शिरूरला."

"मी आत्ता शिरूरवरनंच आलोय, साहेब."

"मग रस्ता माहीत झालाच असेल," साहेब म्हणाले.

हे ऐकून सरपंच साहेबरावांचं डोकं फिरलं. त्यांनी चावडीत माणसं जमवली. "आता साहेबांच्या नादाला लागायचं न्हाई. आमदारालाच बोलवायचं. कंपन्या एक करा म्हून मुंबईत टेबल बडवत हुता ना? मग जाब त्यालाच विचारायचा. तोंडावर. समद्या गावादेखत."

हे सगळ्यांना पटलं. आमदारांना निरोप द्यायला ग्रामपंचायतीचा शिपाई पोपट याला धाडलं, आणि घोळ झाला तो इथं. पोपटचा स्वभाव गरीब. त्यानं जन्मात पुढाऱ्यांना अनेकदा बोलावणी नेली होती, पण प्रत्येक वेळी ती सत्काराची होती. पुढाऱ्याला दुसऱ्या कशाला बोलवतात हे त्याच्या जिभेला ठाऊकच नव्हतं. आमदारांनी चहा पाजून विचारलं, "काय कार्यक्रम आहे?" आणि पोपट सवयीनं बोलून गेला, "सत्कार हाय, साहेब."

"कशाबद्दल?"

पोपटला घाम फुटला. "ते... कंपन्या एक केल्याबद्दल."

आमदार खूश झाले. त्या विलीनीकरणाबद्दल आजवर त्यांना कुणी साधा हारही घातला नव्हता. "मग मी एकटा कशाला? शिरूरचे आणि दौंडचे, दोन्ही साहेब बरोबर आणतो. त्यांचाही करा."

पोपटनं परत येऊन खाली मान घालून हे सांगितलं, तेव्हा साहेबराव कडाडले. "आरं, जाब विचारायला बोलवायचं हुतं, तू फेटे बांधायला बोलावून आलास व्हय?"

"तोंडातनं गेलं, आप्पा."

गावात वडीलधारी म्हणून जिचा शब्द चालायचा ती आक्काबाई मध्ये पडली. "त्याला कशाला बोलताय? जाबासाठी बोलावलं आसतं तर आमदार आला आसता व्हय? आता पाव्हणा म्हून येतोय. पाव्हण्याला आधी जेवू घालायचं. पोटात घास गेल्यावर मग काय विचारायचं ते विचारा."

झालं, जेवण ठरलं. गावजेवणाची तिथली रीत सरळ होती. वांग्याची भाजी आणि शेंगदाण्याची आमटी पंचायतीनं करायची आणि भाकऱ्या घरटी पाच गोळा करायच्या. भाकऱ्यांना पीठ कुठून आणायचं, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. त्याला कारण होतं. मंत्री यायचा असला की आदल्या दिवशी रस्त्यावर मुरूम पडतो, मामलेदार यायचा असला की शाळेला चुना लागतो, हे गावानं जन्मभर पाहिलं होतं. मग विजेचे दोन दोन साहेब येणार म्हटल्यावर वीज त्यांच्या आधी येणार, यात शंका ती काय? जात्याशी झटायची गरजच उरली नव्हती. सत्काराच्या सकाळी एकेक बाई उठली, ज्वारीचा डबा घेऊन गिरणीत आली आणि रांगेत ठेवून घरी चूल पेटवायला गेली.

डब्यांची ती रांग बघून सुभानलाही धीर आला. एवढ्या बायका काही उगाच येणार नाहीत, यांना काहीतरी कळलं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं दगडाला टाकी लावली, पट्टा ताणून बघितला, आणि बटणाशी जाऊन उभा राहिला. आक्काबाई डोकावून गेली. "आली का रं?"

"यील, आक्का. साहेब रस्त्यात हायत, म्हंजी वीज बी रस्त्यातच आसंल."

दुपारी आमदारांची जीप आली. त्यातून आमदार, त्यांचा ड्रायव्हर, दोन साहेब आणि एक वायरमन, अशी मंडळी उतरली. कंपन्या एक झाल्यापासून कंपनीची जीपही एकच उरली होती आणि ती कुणी वापरायची हे अजून ठरायचं होतं, म्हणून सगळे आमदारांच्याच जीपमधून आले होते. फेटे बांधले, नारळ दिले, हार घातले. आमदार बोलायला उभे राहिले आणि त्या दिवशी ते खरोखर छान बोलले. "दोन कंपन्या होत्या तेव्हा एक दुसरीकडं बोट दाखवायची. आता कंपनी एक, जबाबदारी एक. आणि ती जबाबदारी मी माझ्या शिरावर घेतली आहे." टाळ्या पडल्या. साहेबरावांनीही वाजवल्या. जाब जेवणानंतर विचारायचा होता.

पंगत बसली. पत्रावळीवर मीठ, कांदा, ठेचा आला. भाजी आली. द्रोणात वाफाळती आमटी आली. भाकरी आली नाही. पानावर बसलेल्या माणसानं उठायचं नाही, तो अन्नाचा अपमान. आणि भाकरीशिवाय जेवण सुरू करायचं तरी कसं? पाहुणे आमटीकडे बघत बसले. आमटीची वाफ विरली. दौंडच्या साहेबांनी कांद्याची एक फोड खाल्ली, मग दुसरी.

साहेबरावांनी पोपटला बाजूला ओढलं. "भाकऱ्या कुठं हायत?"

"घरोघर हिंडून आलो, आप्पा. चुली पेटल्यात, तवे तापल्यात. पिठाचं इचारलं की समद्या म्हणत्यात, डबा गिरणीत हाय."

"गिरणीत?" सरपंच म्हणाले. पाहुणे पानावर बसलेत आणि गावात चिमूटभर पीठ नाही, ही गोष्ट त्यांच्या सात पिढ्यांत घडली नव्हती. त्या क्षणी त्यांना आमदारांचा राग नव्हता, खांबाचाही नव्हता. नुसती लाज वाटत होती.

"सरपंच," आमदारांनी पानावरून हाक मारली, "आपण कुणाची वाट बघतोय?"

काहीतरी थाप मारावी असं साहेबरावांच्या मनात होतं. पण लाजेनं माणूस खरं बोलतो. ते म्हणाले, "विजेची, साहेब."

विचारायचा राहिलेला जाब असा विचारला गेला.

आमदारांना काही कळेना. तेव्हा सुभान पुढं झाला आणि हात जोडून त्यानं सगळं सांगितलं: म्हैस, खांब, शिरूर, दौंड आणि डबे. आमदारांनी शिरूरच्या साहेबांकडे बघितलं.

"लाइन दौंडच्या माणसानं तोडली, साहेब."

आमदारांनी दौंडच्या साहेबांकडे बघितलं.

"पण वाकला तो खांब शिरूरचा," ते फेटा सावरत म्हणाले.

आमदारांच्या पोटात कावळे ओरडत होते. "अहो, मघाशी मी काय बोललो?"

ते साहेबांना विचारत होते, पण पोपटला वाटलं आपल्याला विचारलं. तो भक्तिभावानं म्हणाला, "कंपनी एक, जबाबदारी एक, आन् ती तुमी शिरावर घेतली."

 मग आमदारांनी आक्काबाईकडे बघितलं. "आक्का, पानावरून उठलं तर चालेल का?"

"पानाभवती पानी फिरवा आन् उठा. आमी झाकून ठिवतो," आक्काबाई म्हणाली.

विहिरीवरचा मोटेचा जाड नाडा आणून खांबाच्या शेंड्याला बांधला. गाव ओढायला लागलं. दोन्ही साहेब फेट्यांसकट एकाच नाड्याला लागले, आणि कंपन्या एक झाल्यानंतर त्यांनी मिळून केलेलं हे पहिलंच काम असावं. खांब सरळ झाला. नाडा सैल सोडला की पुन्हा वाकू लागला. नाडा बांधायला तिकडच्या अंगाला झाड नव्हतं. नाडा बैलगाडीला बांधला, तर खांबानं बैलगाडी ओढत आणली. शेवटी जीपला बांधला आणि चाकांखाली दगड लावले. खांब उभा राहिला. वायरमननं लाइन जोडली.

सुभाननं बटण दाबलं. पट्टा सळसळला, दगड घरघरला आणि पांढरं पीठ खाली पडायला लागलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पिठाचा हात डोळ्यांना लावून त्यानं ते आणखी वाढवलं, पण लपवलं मात्र नाही. गुलशन दारात उभी होती. "भावाला निरोप देते, हमाल दुसरा बघ म्हून," ती म्हणाली.

पंगत दिवेलागणीला पुन्हा बसली. आमदार पोटभर जेवले आणि असली भाकरी बऱ्याच दिवसांत खाल्ली नाही म्हणाले. ते खरंही असावं. मग ड्रायव्हर जीपचा नाडा सोडायला गेला, तर सुभाननं नाड्यावर हात ठेवला.

"रागावू नगा, साहेब. जीप गेली की खांब जातोय. आजून निम्मं डबं हायत."

 बायका डब्यांशी उभ्या होत्या. आमदारांनी साहेबांना विचारलं, "सिमेंटात कधी बसवता?"

"सिमेंट शिरूरच्या गोदामात आहे," एक साहेब म्हणाले.

"आणि खडी दौंडच्या," दुसरे म्हणाले. "गोदामं अजून एक व्हायची आहेत."

आमदारांनी जीपकडे बघितलं, गिरणीकडे बघितलं, आणि डोक्यावरचा फेटा काढून काखेत घेतला. साहेबरावांनी बैलगाडी जुंपली. सत्कारमूर्ती तिच्यात बसून एसटी गाठायला सडकेकडे निघाले.

त्यानंतर कंपनीत जाब विचारायला भिवरठाणचं कुणी गेलं नाही. रोज आमदारच जात. सकाळी शिरूर, दुपारी दौंड, एसटीत उभं राहून. गावाचा महिना गेला तरी न सापडलेलं सिमेंट आठवड्यात सापडलं, खडीही नदी ओलांडून आली. तोवर गिरणी सुरू होती. जीप बघायला पलीकडच्या काठावरून माणसं येत, ती येताना दळणही आणत. सुभान रोज सकाळी जीप ओल्या फडक्यानं पुसायचा आणि आत बसलेल्या कोंबड्या हाकलायचा.

खांब सिमेंटात पक्का झाला त्या दिवशी आमदार जीप न्यायला आले. सुभाननं स्वतः नाडा सोडला, चाकाखालचे दगड काढले. खांब जागचा हलला नाही. आमदारांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि एक पाय जीपमध्ये ठेवला. तेवढ्यात पलीकडच्या काठची चार-पाच माणसं हातात नारळ घेऊन पुढं आली.

"साहेब, आमच्या गावात बी तुमचा सत्कार ठिवलाय."

आमदारांनी ठेवलेला पाय खाली घेतला. नारळाकडे बघितलं, माणसांकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "खांब किती वाकलाय?"

"लई न्हाई, साहेब," त्यातला वयस्क माणूस त्यांना धीर देत म्हणाला, "जीपनं भागंल."