मोटर सोडून सगळं पळालं

खरं सांगतो, हे लिहिणारच नव्हतो. मोटऱ्या माझा आतेभाऊ, घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला? पण तोच म्हणाला, "लिही. निदान कुणीतरी शहाणं होईल."

तर मोटऱ्या. जुने स्पीकर फोडायचे, त्यातली चुंबकं सायकलच्या चाकाला चिकटवायची आणि विजेशिवाय फिरणारी मोटर करायची, हा त्याचा ध्यास. चाक अर्धी गिरकी घ्यायचं आणि रुसलेल्या जावयासारखं अडून बसायचं. मोटऱ्याचं निदान: चुंबकं सारख्या ताकदीची नाहीत. पण ताकद मोजायची कशी? डोकं चाललं. एकाच मापाचे बारीक स्क्रू घ्यायचे, जितके लटकतील तितकी ताकद. असे स्क्रू कुणाकडे? घड्याळजीकडे!

घड्याळजी हा त्याचा शाळेपासूनचा दोस्त. दुकान नवं, गिऱ्हाईक तुरळक. त्यात शाळेच्या मुख्याध्यापकांचं चावीचं घड्याळ दुरुस्तीला आलेलं. सर खूश झाले तर अख्खी शाळा आपल्याकडे येईल, या आशेवर बिचारा जगत होता.

दुपारी मोटऱ्याला दुकानात बसवून तो जेवायला घरी गेला आणि मोटऱ्या कामाला लागला. स्क्रू द्राक्षांच्या घोसासारखे लटकू लागले. मोजलेली चुंबकं ठेवायला एक मऊ कापडाचा ट्रे सापडला. त्यात दुरुस्त झालेली घड्याळं होती, हे त्याला दिसलं नाही असं नाही. त्याने ती जरा सरकवली, अगदी अदबीनं.

संध्याकाळी सर घड्याळ घेऊन गेले. सरांचा भिंतीवरच्या घड्याळावर विश्वास नाही; त्यांनी मनगट बघून मान हलवली की शिपाई घंटा देतो. दुसऱ्या दिवशी मधली सुट्टी लवकर झाली, शाळा त्याहून लवकर सुटली. न्यायला आईबाप यायच्या आत पोरं रस्त्यावर! शिक्षकांपैकी कुणी चकार शब्द काढला नाही.

सर तडक दुकानात आले. घड्याळ वाऱ्यासारखं पुढे पळत होतं. घड्याळजीनं होकायंत्र त्याच्याजवळ नेलं. सुई वळली; म्हणजे घड्याळात चुंबकत्व शिरलं होतं, त्यानंच ते पळत होतं. मग घड्याळजीची मान कोपऱ्यात बसलेल्या मोटऱ्याकडे वळली.

मोटऱ्याला पळून जाता आलं असतं. पण दोस्ताचा पडलेला चेहरा त्याला बघवेना. "सर, याची चूक नाही. चुंबकं माझी आहेत."

सरांनी ते घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, मी आज छान शिकवलं म्हणून तास भुर्रकन संपला."

घड्याळजीनं त्यांच्यासमोरच त्यासाठीच्या खास यंत्रावर धरून घड्याळातलं चुंबकत्व उतरवलं. सर जाताना म्हणाले, शाळेच्या भिंतीवरचं घड्याळही एकदा बघून जा.

घड्याळजीच्या जिवात जीव आला. "आणि तुझी मोटर?" त्यानं विचारलं.

"नाही फिरली. चुंबकं सगळी सारखीच निघाली."

"म्हणजे मोटर सोडून सगळं पळालं! बरं, ते माझे स्क्रू कुठे ठेवलेस? सकाळपासून शोधतोय."

मोटऱ्याने खिशात हात घातला. चुंबकासकट अख्खा घोस बाहेर आला.

"वचन देतो," तो खाली बघत म्हणाला, "यापुढे खिसे झाडल्याशिवाय तुझी पायरी चढणार नाही."