दहा ज्येष्ठ

उद्या पायलचं लग्न आणि आज मंगल कार्यालयाला कुलूप! धर्मपाल वानखडेंनी ते दोनदा ओढून पाहिलं. खिडकीतून डोकावले, तर आत फरशी उखडलेली आणि सिमेंटची पोती रचलेली. अकोल्याच्या मे महिन्यातल्या उन्हात त्यांना थंड घाम सुटला.

मॅनेजर मनोज फोनवर अगदी निवांत होता. "काका, काहून घाबरता? तुमचं लगन चोवीस जूनले हाय ना?"

"अरे, उद्या हाय! एकतीस मे! तुले साफ लिहून पाठवलं होतं, दहा ज्येष्ठ, शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस!"

"मंग बरोबर. कॅलेंडरात ज्येष्ठ शुद्ध दशमी चोवीस जूनलेच हाय. आता धोंड्याचा महिना चालू हाय, काका. अधिकात कोन लगन करते? म्हनून तं फरशी काढली."

धर्मपालांनी कपाळावर हात मारला. सरकारी नोकरीत जन्म गेला, प्रत्येक पत्रावर त्यांनी राष्ट्रीय दिनांक टाकला. तिथ्या आणि अधिक महिने बाजूला सारून सरकारनं सत्तावन्न साली जे कॅलेंडर आणलं, त्यात दहा ज्येष्ठ म्हणजे दरवर्षी एकतीस मे, हे त्यांना तोंडपाठ. मुहूर्त पाळायचा नाही आणि इंग्रजांची तारीखही नको, असा त्यांचा बाणा. ते कॅलेंडर सरकारी कागदाबाहेर कोणी पाळत नाही, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

घरी बायकोनं, भावनानं, एकच प्रश्न विचारला. "आन् पत्रिकेवर कोनती तारीख छापली तुमी?"

धर्मपालांनी पत्रिकाच तिच्यापुढे धरली. तिच्यावर ठळक अक्षरात तेच, 'दहा ज्येष्ठ'.

पायल रडायलाच लागली. "मी म्हटलं होतं ना बाबा, इंग्रजी तारीख टाका! ललितले मी एकतीस मे सांगतलं हाय, तो येईन. पन त्याचे बाबा?"

त्याचे बाबा म्हणजे पायलचे होणारे सासरे, तिवशाचे संघपालजी. बैठकीत चहा कोमट आला म्हणून कप परत पाठवणारा माणूस. कार्यालयच नाही म्हटल्यावर तो लग्न मोडायला कमी करणार नाही, याची धर्मपालांना खात्रीच होती. तरी त्यांनी फोन लावला.

"जय भीम, संघपालजी. जरा एक चूक..."

"जय भीम. थांबा, आधी मले बोलू द्या!" पलीकडचा आवाजच कापत होता. "चूक आमची हाय. आमीबी पत्रिकेवर तुमचीच तारीख टाकली. आता सारे पाहुने चोवीस जून म्हनून राहिले. बँडवालाबी उद्या येत नाही. तुमी लगन मोडता का काय, या धाकानं सकाळपासून फोन हातात धरून बसलो."

धर्मपालांच्या जिवात जीव आला. त्यांनी घसा साफ केला.

"बरं," ते मोठ्या मनानं म्हणाले, "तुमच्यासाठी चोवीस जून करू."

चोवीस जूनला नव्या फरशीवर लग्न थाटात लागलं. पायलच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून धर्मपालांचे डोळे भरून आले. तेवढ्यात शेजारचे खुशालराव जेवणाचं ताट घेऊन त्यांच्याजवळ येऊन बसले.

"धर्मपालभाऊ, जिंदगीभर आमच्या मुहूर्ताले हसले तुमी. आन् पोरीसाठी काढला तं असा काढला! आज गावात एक कार्यालय रिकामं नाही. कोन्या महाराजाले इचारलं?"

खरं सांगावं, तर एकतीस मेला आपल्याकडे कार्यालयच नव्हतं हे उघड होणार. आणि संघपालजी तर मांडीला मांडी लावून बसलेले, कान टवकारून.

"हाय एक," धर्मपाल खाली मान घालून म्हणाले, "वळखीचा."