निजसुरे काका आणि त्यांच्या सुऱ्या

आम्ही विश्रांतवाडीच्या या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी समोरच्या दारातल्या गृहस्थांनी ना आमचं नाव विचारलं, ना गाव. सामानाचे खोके ओलांडत ते थेट स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "तुमची सुरी दाखवा."

मी घाबरून कांदे चिरायची सुरी पुढे केली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, सुरी उजेडात धरली आणि मूठ हलवून पाहिली.

"पातं मुठीत किती गेलंय?"

"म्हणजे?"

"दोन बोटं. पुढे नुसतं प्लास्टिक. जंगलात तुम्ही गेलात!"

"पण मी जंगलात जाणारच नाहीये."

"जंगल विचारून येत नाही," ते म्हणाले, आणि सुरी ओट्यावर ठेवून चालते झाले.

नाव नंतर दारावरच्या पाटीवर वाचलं. वि. ग. निजसुरे. "आडनावातच सुरे आहेत, माणूस तरी काय करणार," असं माझा नवरा मिलिंद म्हणाला.

काका हडपसरच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये होते. सगळी नोकरी पोलादाला पाणी देण्यात गेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आणि घरात ते एकटेच. लग्नाचं एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाले, "राहिलं." गिरणीतून दळण आणायचं राहिलं असं सांगावं, त्या सुरात.

इतरांकडे ज्या कपाटात चांदीची भांडी असतात, त्या कपाटात काकांच्या सुऱ्या होत्या. रानात वापरायच्या. प्रत्येकीला तेलाचं बोट लावलेलं, प्रत्येकीला वेगळं फडकं. पाहुणा आला की आधी सुऱ्या, मग पाणी. चहा बहुधा नाहीच.

"घडीची सुरी घ्यायची नाही," ते मला सांगत. "बिजागरी आली की खिळखिळ आली. पातं अखंड, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं. लांबी चार-साडेचार इंच. त्याहून मोठी घेतो त्याला लढाईवर जायचं असतं."

"आणि ती पाठीला करवतीसारखे दाते असलेली?"

"ती सिनेमात शोभते."

पोकळ मुठीत होकायंत्र बसवलेल्या सुरीबद्दल तर त्यांना व्यक्तिगत राग होता. "सुरी तुटून पडेल आणि ती उत्तरेला पडली की दक्षिणेला, एवढं मात्र नक्की कळेल!" साधं कार्बन पोलाद त्यांच्या लाडाचं. ते गंजतं, पण दगडावर चार हात मारले की धार येते. स्टेनलेस गंजत नाही, मात्र रानात धार लावायला बसलात की संध्याकाळ होते. "आळशी असाल तर स्टेनलेस घ्या."

मी स्टेनलेसच बरं म्हणाले.

"वाटलंच."

एकदा पाठपिशवीतली सुरी काढायची विसरून ते मॉलमध्ये गेले. दारावरच्या रखवालदारानं ती धरली. काकांनी वाद घातला नाही. पातं मुठीत कुठवर गेलंय ते त्याला समजावून सांगितलं, अर्धा तास. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, "साहेब, घेऊन जा, पण जा."

विस्तव पेटवणं हा त्यांचा दुसरा नाद. पेनाएवढी एक काळी सळई त्यांच्या गळ्यात दोरीला बांधलेली असे. तिच्यावर सुरीची पाठ घासली की ठिणग्यांचा झोत पडतो. त्यासाठी पाठीची कड काटकोनात हवी, गोल केलेली चालत नाही, आणि धारेनं घासणारा माणूस काकांच्या मते मतदानाला लायक नव्हता. "सुरीचा हात हलवायचा नाही. सळई मागे ओढायची. सुरी पुढे ढकललीत, तर जमवलेला काथ्या उधळला!"

याची तालीम गच्चीवर चाले. धूर वाळत घातलेल्या चादरींना लागला, आणि सेक्रेटरी बापटांनी जिन्यात कागद लावला: 'गच्चीवर आग लावण्यास सक्त मनाई आहे.' दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: 'आग लागते. विस्तव पेटवतात. कृपया मजकूर दुरुस्त करावा.' मी घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. त्या दिवसापासून मला काका आवडायला लागले.

त्या वर्षी होळीची लाकडं ओली निघाली. काड्यापेट्या संपल्या, कागद संपले, बापटांचा आवाज संपला. मग काका पुढे आले. ओल्या ओंडक्यावर सुरी टेकवून तिच्या पाठीवर दुसऱ्या लाकडानं ठोकत त्यांनी तो उभा चिरला. आतलं लाकूड कोरडं होतं. त्याला पात्यानं पातळ पातळ झालर काढली, खाली नारळाचा काथ्या पिंजून ठेवला आणि सळई ओढली. तिसऱ्या ओढीला होळी पेटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. काका कानापर्यंत लाल झाले.

मग सगळे पुरणपोळीला घरी गेले. मी नैवेद्याची वाटी न्यायला खाली आले, तर काका एकटेच होळीपाशी उभे.

"जेवायला चला ना."

"विस्तव एकटा सोडायचा नसतो," ते म्हणाले.

मी वाटी उचलली आणि वर आले. आता आठवलं की वाटतं, पाच मिनिटं थांबायला काय झालं होतं मला?

दिवाळीनंतर एका शनिवारी सकाळी काकांच्या दाराशी दुधाची पिशवी तशीच पडलेली दिसली. म्हटलं, म्हातारा झोपला असेल. मांजर फोडेल म्हणून मी पिशवी आत आणून फ्रिजमध्ये ठेवली. रविवारी पुन्हा तेच. पेपरही होता. मी त्यातलं शब्दकोडं सोडवलं आणि दोन्ही पिशव्यांची शेवयांची खीर केली. काकांसाठी एक वाटी काढून ठेवली, म्हणजे मी त्यांना अगदीच विसरले होते असं नाही. सोमवारची पिशवीही सवयीनं आत घेतली.

सोमवारी दुपारी चारच्या सुमारास बेल वाजली. दारात काका. गालावर ओरखडे, कपड्यांना धुराचा वास, उजव्या पायाला दोन बाजूंनी फांद्या लावून दोरीनं आवळलेलं.

"जरा बसू का?" त्यांनी विचारलं. यापूर्वी त्यांनी कधीच विचारलं नव्हतं.

शुक्रवारी ते मुळशीच्या पलीकडे एका डोंगरात एकटेच गेले होते. ओढ्याकडे उतरताना माती सुटली आणि पाय अडकून मुरगळला. उभं राहता येईना. फोनला रेंज नव्हती, नंतर फोनच बंद पडला.

"पण पातं कसलं चाललं, सांगतो!" पाणी पिऊन झाल्यावर त्यांना जोर आला. "फांद्या तोडल्या, पायाला बांधल्या. चिव्याच्या बांबूच्या काठ्या कापून आडोसा केला, वर पाला टाकला. विस्तव पहिल्या ओढीला. स्टीलच्या पेल्यात ओढ्याचं पाणी उकळलं. गूळ-शेंगदाणे होते. दिवसा विस्तवावर ओला पाला टाकायचो, म्हणजे पांढरा धूर होतो, लांबून दिसतो."

"तीन रात्री, काका?"

"तीन. आज सकाळी लाकडाला आलेली एक बाई दिसली. म्हणाली, 'बाबा, तीन दिस धूर दिसतोय, आमाला वाटलं सहलीची मानसं हायती!' तिच्या नवऱ्यानं मोटरसायकलवरून फाट्यापर्यंत सोडलं."

मी हसले. काकाही हसले, आणि मग हसता हसता थांबले.

"नियम असा आहे," ते जमिनीकडे बघत म्हणाले. "वाट चुकली, पाय मोडला, तर जागा सोडायची नाही. धूर करत बसायचं. संध्याकाळी परत आला नाहीत की घरचे शोधायला निघतात. मी हे पन्नास लोकांना शिकवलं असेल. रविवारी दुपारी पाला टाकत होतो. तेव्हा एकदम डोक्यात आलं. घरचे म्हणजे कोण?"

मी त्यांचं पाण्याचं भांडं पुन्हा भरलं.

"मग म्हटलं, दाराशी दूध साचेल. पेपर साचतील. तेवढ्यावरून तरी कुणी विचारेल. आत्ता वर आलो, तर दार स्वच्छ. म्हणजे दूधवाल्यानंसुद्धा..."

"दूध मी घेतलं," मी म्हणाले. "तिन्ही दिवस. मला वाटलं, तुम्ही झोपला असाल. मी... खीर केली त्याची."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"बरी झाली का?" त्यांनी विचारलं.

फ्रिजमधली वाटी मी त्यांच्या हातात दिली. खीर थिजून घट्ट झाली होती. त्यांनी सगळी खाल्ली, चमचा चाटून. मग मिलिंद आला आणि आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. हाड चिरलं होतं. सहा आठवडे प्लास्टर.

प्लास्टर निघाल्यावर दोनेक महिन्यांनी, सकाळी सातला, पुन्हा बेल वाजली. काका पाठपिशवी लावून उभे.

"सिंहगडावर चाललोय. पायवाटेनं. चारपर्यंत परत येईन."

"बरं. सावकाश या."

ते हलेनात.

"लिहून ठेवता का?"

मी कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकटीत लिहिलं, 'काका, सिंहगड, चार.' त्यांनी आत येऊन ते वाचलं आणि समाधानानं गेले.

दुपारी मुद्रितात डोकं घातलं होतं. घड्याळात पाहिलं, तर चार वाजून पाच मिनिटं झाली होती. बेल वाजली नव्हती. त्यांच्या दाराला कुलूप. फोन लावला, उचलला नाही. मी मुद्रितं तशीच टाकली, पायात सापडतील त्या चपला घातल्या आणि जिना उतरून धावत फाटकाबाहेर आले. मी कुठे जाणार होते, मलाच माहीत नव्हतं.

रस्त्यापलीकडच्या बसथांब्यावर, बाकाच्या टोकाला काका बसले होते. पिशवी मांडीवर. नजर आमच्या फाटकावर.

रस्ता ओलांडून मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. मला धाप लागली होती.

"अहो काका! कधीचे बसलाय इथे?"

"साडेतीनपासून."

"मग वर का नाही आलात? फोन तरी उचलायचा!"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. "चार म्हणालो होतो. चार दहा झाले. दहा मिनिटं उशीर केलात तुम्ही." आवाज नेहमीसारखाच कोरडा होता. डोळे मात्र नव्हते.

मी भांडायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांच्या शेजारी बाकावर बसले. समोरून दोन बसेस गेल्या. मग त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली आणि उठण्यासाठी माझ्या खांद्यावर हात ठेवला.