पहाऱ्यातला होकार

पत्नी कोकिळाबाईंना जाऊन चार महिने झाले होते, आणि तेव्हापासून वामनरावांनी कुठे राहायचं हा प्रश्न ठाणे, कल्याण, पनवेल असा हिंडत होता. वामनराव मात्र आपल्या गावी, बुलढाण्याकडच्या धाडलाच होते. ठाण्याला थोरला राजकुमार, कल्याणला धाकटा शंतनु, पनवेलला लेक प्रेरणा. मागच्या महिन्यात वामनराव न्हाणीत घसरले आणि दीड तास तिथंच पडून राहिले. "आता एकटं राहायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं. मग मात्र प्रश्न पळू लागला.

तिघांनीही आपापल्या गावाची महती गायली. ठाण्याला लिफ्ट होती, पण घर एकोणिसाव्या मजल्यावर. पनवेलला हवा मोकळी होती, पण ती खात प्रेरणाच्या सासूबाई आधीच गॅलरीत बसलेल्या. वामनरावांनी तिघांना एकच विचारलं, "कीर्तन कुठं असते?"

"मोबाईलवर हवं तेवढं ऐका की, बाबा," राजकुमार म्हणाला. शंतनु म्हणाला, "आमच्या मागच्या गल्लीत विठ्ठलाचं देऊळ आहे. रोज हरिपाठ होतो."

झालं. वामनरावांचं कल्याण ठरलं. कोणाला न सांगता त्यांनी कोकिळाबाईंचे टाळ त्यांच्याच लुगड्यात गुंडाळून पिशवीत भरून ठेवले. रविवारी अकराला तिघं मिळून एकदमच फोन करणार होते. तेव्हा सांगायचं.

त्या रविवारी गावात सप्ताहाचा पाचवा दिवस होता आणि बाजारही भरला होता. देवळापुढच्या मांडवात वामनरावांचा वीणेचा पहारा नऊ ते अकरा. सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. आणि ती गळ्यात असेतो तोंडातून नामाशिवाय दुसरा शब्द काढायचा नाही. वामनरावांनी पन्नास वर्षांत हा नेम मोडला नव्हता. अकराला पुढच्या पहाऱ्याचे महादेवराव वीणा घ्यायला येतील, मग आपण मोकळे, असा त्यांचा हिशेब होता.

अकरा वाजले. महादेवरावांऐवजी त्यांची बायको चांगुणाबाई आली.

"भाऊजी, थोडा दम धरा. कालच्या पंगतीतली बुंदी यायले भोवली. सकाळपासून डबा घेऊन परसाकडं पयत आहेत."

तेवढ्यात वामनरावांच्या खिशात फोन वाजला. चांगुणाबाईंनी तो बाहेर काढला, चार ठिकाणी बोट दाबलं आणि वामनरावांच्या तोंडासमोर धरला. पडद्यावर तिन्ही लेकरं दिसली. वामनरावांना कमी ऐकू येई, म्हणून आवाज कायम पुरता मोठा.

"बाबा, ठाण्याला येताय ना?" राजकुमारने विचारलं.

"राम कृष्ण हरी," वामनराव म्हणाले. मागे टाळकऱ्यांचे टाळ वाजत होते आणि मान त्या टाळावर डोलत होती.

"हो म्हणाले?" शंतनु गडबडला. "बाबा, मग कल्याण?"

टाळ चालू, मानही चालू.

"आणि पनवेल?" प्रेरणाचा आवाज बारीक झाला होता. मान आवरावी म्हणून वामनरावांनी ताकद लावली, पण पन्नास वर्षांची सवय; ती तिसऱ्यांदाही हलली.

"झालं बाई! तिघायलेबी हो म्हणलं," चांगुणाबाई खूश झाल्या. फोन बंद कसा करतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. उलटा केला की झाला, असं समजून त्यांनी तो पेटीवर पालथा घातला. अगदी माईकच्या तोंडाशी. मांडवावरचे दोन्ही भोंगे बाजाराकडे तोंड करून होते.

"अरे, बाबा हो कसं म्हणाले?" भोंग्यातून राजकुमार बोलला. "नाही म्हणतील म्हणूनच तर मी विचारलं!"

"मी तरी काय! ते देवळाचं उगाच बोललो. हरिपाठ तर कधीच बंद पडलाय," शंतनु म्हणाला.

"माझ्याकडे सासूबाई आहेत. दोन म्हातारी माणसं मी कुठे ठेवू?"

"तिकडेच बुलढाण्याच्या बाजूला एखादा वृद्धाश्रम बघू या का?" राजकुमारने सुचवलं.

बाजारात कांद्याचं पारडं अर्ध्यावर थांबलं. चांगुणाबाईंनी फोनवर दिसेल तिथं बोट दाबलं, पदराने झाकला, शेवटी तो माईकजवळच्याच उशीखाली कोंबला. भोंगा बोलतच राहिला. वामनरावांना पळता येईना, ओरडता येईना. ते फक्त "राम कृष्ण हरी" म्हणत होते.

महादेवराव धापा टाकत आले. दोघं एकमेकांच्या पाया पडले, वीणा या गळ्यातून त्या गळ्यात गेली. टाळकरी खाली मान घालून चहाला उठले. वामनरावांनी उशीखालून फोन काढला.

"पोरंहो."

मग राजकुमार चाचरत म्हणाला, "बाबा, तुम्ही... काही ऐकलं का?"

हेही बाजारभर गेलं. धाडची सगळी माणसं भोंग्याकडे बघत उभी राहिली.

"नाही रे. पहाऱ्यात नामाबिगर काही ऐकाचं नसते," वामनराव म्हणाले. "अन् मान टाळावर हलत होती. ते हो नव्हतं. मी काही येत नाही तिकडं."

तीन सुटकेचे निःश्वास भोंग्यातून एकदमच निघाले आणि भाजीच्या पालांवरून पार बसस्टँडपर्यंत पोचले.

"आला असता तर बरं झालं असतं, बाबा," प्रेरणा म्हणाली.

"हाव बाई," वामनराव म्हणाले आणि लाल बटण दाबलं. ते त्यांना येत होतं.

ते सतरंजीवर टेकले. चांगुणाबाई पदराने डोळे पुसत जवळ आल्या. "मह्याच हातानं झालं हे, भाऊजी. मले त्यातलं काही कळत नाही."

वामनरावांनी फोन खिशात टाकला, तशा त्या पुन्हा म्हणाल्या,

"आता ऐका. आमच्या वसरीत दुसरी खाट पडून आहे. कोकिळाबाईचे टाळ घेऊन आजच या. तशी न्हाणी आमची बी निसरडीच आहे. पण पडले तं आवाज द्याले कोणी तरी राहीन."

वीणा गळ्यात घेतलेले महादेवराव एका हाताने पोट दाबून, डोळे मोठे करून वामनरावांकडे बघत होते. वामनरावांनी चांगुणाबाईंकडे बघत मान डोलावली.

टाळकरी अजून चहालाच होते, टाळ सतरंजीवर पडून.